बंजारा समाजाची अनुसूचित जमातीची मागणी : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर परिसरासह संपूर्ण मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात, तर तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला. या विभाजनामुळे एकाच भाषेच्या व चालीरीतींच्या बंजारा समाजास दोन राज्यांत दोन भिन्न दर्जे प्राप्त झाले.

मागणीचे स्वरूप :
तेलंगणातील लंबाडा अर्थात बंजारा समाजाचा १९७६ च्या दुरुस्ती कायद्यान्वये अनुसूचित जमातींत समावेश झाला. तो १९७७ पासून अमलात आला. महाराष्ट्रात मात्र हाच समाज विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात असून त्यास ३ टक्के आरक्षण आहे. मराठा समाजास कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला. त्यानंतर त्याच गॅझेटमध्ये आपली नोंद जमात म्हणून असल्याचे सांगत बंजारा समाजाने ही मागणी पुन्हा जोमाने मांडली.

घटनात्मक प्रक्रिया :
तथापि, दोन्ही मागण्यांचे कायदेशीर स्वरूप भिन्न आहे. कुणबी जात राज्याच्या यादीत पूर्वीच समाविष्ट असल्याने तेथे प्रश्न केवळ पुराव्याचा आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत बदल करण्याचा अधिकार मात्र अनुच्छेद ३४२ (२) नुसार फक्त संसदेस आहे. राज्याची शिफारस, भारताचे महानिबंधक व राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग यांची सहमती आणि त्यानंतर विधेयक, असा हा क्रम आहे. मिलिंद खटल्यात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने ही यादी जशी आहे तशीच वाचावी, असे स्पष्ट केले. त्यामुळे गॅझेटमधील नोंद हा शिफारशीचा आधार ठरू शकेल. ती स्वतः दर्जा देऊ शकत नाही.

विद्यमान जमातींची भूमिका :
हिंगोली जिल्ह्यातील आंध जमात हैदराबाद राज्याच्या १९५० च्या यादीतही होती. बंजारा समाज त्या यादीत नव्हता. राज्यातील ७ टक्के आरक्षणात वाटेकरी वाढतील, ही आदिवासींची चिंता निराधार म्हणता येणार नाही. तेलंगणातील आदिलाबाद येथे २०१७ मध्ये गोंड व लंबाडा समाजांतील तणाव हिंसक वळणावर गेला होता.

समारोप :
सारांश, सीमेमुळे निर्माण झालेली विषमता ही बंजारा समाजाची खरी व्यथा आहे. परंतु केवळ दर्जाचा निर्णय करून आरक्षणाच्या वाट्याचा प्रश्न अनिर्णित ठेवल्यास एका वंचित समाजाचा न्याय दुसऱ्या वंचित समाजाच्या पदरातून घेतल्यासारखे होईल. म्हणून या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्रितपणे होणे अगत्याचे आहे.