नैरोबीची रात्र, महाडची रात्र

शिफ्ट सुटली की नवरा घरी, हा हिशेब आता महाडच्या एमआयडीसीत उरलेला नाही. कुणाला गुजरातला पाठवतात, कुणाला आखातात, आणि अलीकडे कुणाकुणाला आफ्रिकेतसुद्धा. तशी आफ्रिका आपल्या कोकणाला नवी नाही. रायगड-रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पार केपटाऊनला जाऊन स्थायिक झाली. पण आपल्या आळीतला माणूस निघाला की बायकांचे प्रश्न ठरलेले. पहिला सिंहांचा. दुसरा तापाचा. आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, "संध्याकाळी करतात तरी काय हो तिकडे?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. मैत्रिणींनो, मी लिहिणार आहे ती तिसऱ्याबद्दल.

आमच्या ह्यांना सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांच्या उभारणीसाठी तीन आठवडे नैरोबीला जायचं होतं. मे महिना, माझी अर्धवेळ शाळा बंद, मुलं पोलादपूरला आजोळी. शिवाय माझी भिशी नेमकी तेव्हाच लागलेली. मी म्हटलं, शेवटचे आठ दिवस मीही येते, तिकीट माझ्या पैशांचं. घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. सासूबाईंचं म्हणणं, कामाला गेलेल्या माणसाच्या मागे बायकोनं जाणं बरं दिसत नाही. त्या पैशांत दोन बांगड्या झाल्या असत्या. ह्यांचं म्हणणं, "दिवसभर मी साइटवर. तू एकटी खोलीत काय करणार?" मी म्हटलं, "दिवसभर झोपेन. संध्याकाळ तर माझी ना?" त्यावर हे हसले, आणि प्रश्न मिटला.

मुंबईहून विमानानं सुमारे सहा तास. गणपतीत मुंबईहून महाडला यायला कधी कधी एवढाच वेळ लागतो! उतरल्यावर पहिलं आश्चर्य थंडीचं. विषुववृत्ताच्या इतकं जवळ म्हणून मी सगळ्या सुती साड्या भरलेल्या. पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्याही वर आहे. आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे आंबेनळी घाट चढून गेलं तरी आपण नैरोबीच्या खालीच. तिथं सूर्य बारा महिने सकाळी साडेसहाच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मावळतो. त्यामुळे स्वाहिली भाषेत घड्याळच वेगळं: दिवस उजाडला की तास मोजायला सुरुवात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. खोली झाडायला येणारी बाई म्हणाली, "सा म्बिली", म्हणजे दोन वाजता, टॅक्सी येईल. ती आली रात्री आठला. आपल्या प्रहरांचा हिशेब ठाऊक असलेल्या आजीला हे चटकन कळलं असतं.

रस्त्यावर मटाटू नावाच्या छोट्या बसगाड्या. अंगभर चित्रं, आत रंगीत दिवे, आणि गाणी इतकी मोठ्यानं की आपल्याकडच्या वरातीनं लाजावं. भाषा मात्र मधूनच ओळखीची लागते. चपातीला चपाती, चहाला चाय, गाडीला गारी, दुकानाला दुका. १८९६ साली मोंबासाहून रेल्वे बांधायला घेतली तेव्हा तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले होते, बहुतेक पंजाबकडचे. जवळजवळ अडीच हजार तिथंच मेले. रूळ १८९९ साली जिथं पोचले, त्या रेल्वेच्या तळाचंच पुढे नैरोबी शहर झालं. मागोमाग गुजराती दुकानदार आले. म्हणून तर पार्कलँड्स भागात डोसा, भेळ, पानसुद्धा मिळतं. शाकाहारी माणूस नैरोबीत उपाशी राहत नाही.

आता रात्रीचं. शनिवारी ह्यांच्या तिथल्या सहकाऱ्यानं आम्हाला वेस्टलँड्समधल्या एका जागी नेलं. मी मनातून अंग चोरूनच गेले. बघते तर काय, निम्मी टेबलं बायकांची! साठीच्या बायका, लुगडं नेसावं तसं रंगीत कापड गुंडाळलेल्या. चारजण गिटार आणि ढोल वाजवत होते, आणि बायका उठून नाचत होत्या. कुणाला दाखवायला नव्हे, आपल्या आपण. निखाऱ्यावर भाजलेलं बोकडाचं मटण लाकडी पाटावर तुकडे करून येतं, त्याला न्यामा चोमा म्हणतात. बरोबर मक्याच्या पांढऱ्या पिठाची उकडीसारखी घट्ट उगाली, आणि कांदा-टोमॅटोची कचुंबारी. नावासकट आपलीच! एक पालेभाजी येते, कांदा-टोमॅटोवर परतलेली. तिचं नाव सुकुमा विकी, म्हणजे "आठवडा ढकल". महिनाअखेरीची भाजी कुठल्याही देशातली बाई ओळखते. ह्यांनी बिअर घेतली, मी तंगाविझी नावाचं आल्याचं थंड पेय.

शेजारच्या टेबलावर सातआठ जणी मोठ्यानं हसत होत्या. एकीनं इंग्रजीत विचारलं, भारतातून ना? बी.ए.चं इंग्रजी कामी आलं. ती म्हणाली, आज माझी पाळी लागली, म्हणून सगळ्यांना जेवण. कसली पाळी? तर त्यांचा "चामा" असतो. ठरावीक बायका दरमहा पैसे काढतात आणि एकेकीला सगळी रक्कम देतात. मी खुर्चीतून उठलेच. "अहो, ही तर भिशी! मी भिशीच्याच पैशांनी इथं आलेय!" मग काय, त्यांनी मला ओढून नाचायला नेलं. मी झिम्म्याची पावलं टाकली, ती गिटारवर बरी बसली. हे टेबलावरून बघत होते. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मला असं बघताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

निघताना त्या सगळ्या दोन टॅक्सींत वाटून बसल्या. एकटी कुणी जात नाही, घरी पोचल्यावर प्रत्येकीनं कळवायचं. म्हणजे रात्र तिथंही बायकांना फुकट मिळालेली नाही. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, असं आम्हालाही सगळ्यांनी बजावलं होतं.

आणि एक स्पष्टच लिहिते, कारण तिसरा प्रश्न आवाज खाली आणून विचारतात तो याच्यासाठी. दुसऱ्या प्रकारची रात्रही त्या शहरात आहे. दारू आहे, पैशांवर मिळणारी सोबत आहे, आणि एचआयव्हीचं प्रमाण आपल्यापेक्षा बरंच जास्त आहे. पण हे दुकान मुंबईतही उघडं असतं, आणि आपल्या महामार्गावर काही मिळत नाही असं थोडंच आहे? महिनोन्‌महिने एकटा राहणारा माणूस संध्याकाळी कुठे बसतो, हे घरी विचारायला लाजू नये. संशयानं नव्हे, "आज काय जेवलात" विचारतो तसं विचारावं.

परत आल्यावर सासूबाईंनी नाचाचा फोटो बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "आम्ही गौरी जागवायला जायचो. बाराजणी, एक कंदील, शेताच्या बांधावरून एकामागे एक. पहाटेपर्यंत फुगड्या." मग जरा थांबून, "त्या बायका घरी नीट पोचल्या ना?" मी हो म्हटलं. आता महाडात साडेनऊला बाजार मिटतो, आणि गौरी जागवायला आपण टीव्हीपुढे बसतो.

पोलादपूरच्या माझ्या वहिनीचा भाऊ पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी निघालाय. तिला लिहून दिलं तेच इथं देते. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. ते पिवळं प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं, आणि ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतात. २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, ती स्वतः सरकारी संकेतस्थळावर काढावी. आमच्याकडून एका एजंटानं दुप्पट पैसे घेतले. मोंबासाकडे जायचं असेल तर हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं. स्वेटर हवाच. आणि केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, दंड जबर. तेव्हा मेतकूट, गोडा मसाला डब्यांत भरावा, डबे कापडी पिशव्यांत. फोन करताना लक्षात ठेवावं, आपले रात्रीचे साडेअकरा म्हणजे तिथले नऊ.