गाव गेलं, पाट्या उरल्या

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एल्क क्रीक नावाच्या ओढ्याकाठी, गवताळ माळावरून पायवाटा जातात. वाटेवर माहितीच्या पाट्या आहेत. त्या वाचत गेलं तरच कळतं, की इथे हनी स्प्रिंग्ज नावाची वस्ती होती.

टेक्सास रोडवरचा हा मुक्कामाचा थांबा. यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेने इथे रसद साठवली. 17 जुलै 1863 रोजी जनरल ब्लंटच्या उत्तरेकडच्या सैन्याने हल्ला चढवला. दोन्ही बाजूंना मूलनिवासी होते. चेरोकी आणि क्रीक तर आपल्याच भाईबंदांसमोर उभे ठाकले.

त्या दिवशी पावसाने दक्षिणेचा घात केला. मेक्सिकोमार्गे आलेली त्यांची हलक्या प्रतीची बंदुकीची दारू भिजून लगदा झाली. त्यातच उत्तरेच्या मूलनिवासी तुकडीला मागे हटण्याचा हुकूम झाला, तो ऐकून टेक्सासच्या सैनिकांना वाटलं, शत्रू पळतोय. ते सरसावले आणि थेट फर्स्ट कॅन्सस या कृष्णवर्णीय पलटणीच्या बंदुकांसमोर आले. त्या पलटणीतले कित्येक जण गुलामगिरीतून निसटलेले होते. जवळून झालेल्या त्या माऱ्यापुढे टेक्सासची फळी फुटली. त्याच महिन्यात झालेल्या गेटिसबर्गच्या मोठ्या लढाईच्या गाजावाजात ही लढाई झाकोळली, हे अन्यायाचंच.

लढाईने गाव खिळखिळं केलं. पुढे 1872 मध्ये रेल्वे आली, ती या वस्तीला वळसा घालून, आणि माणसं रुळांकडे सरकली. जवळच रेंटिझव्हिल हे कृष्णवर्णीयांचं गाव वसलं. इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन 1915 मध्ये तिथेच जन्मले. 2013 मध्ये या रणभूमीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.