कडेवरची लढाई

संलयन म्हटले की आपण पाहतो ते मधले तापमान. फ्रान्समध्ये कादाराशला उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या टोकामॅकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या यंत्रात, ते 15 कोटी अंश सेल्सिअस असेल. पण भट्टी किती काळ टिकणार, हे ठरते प्लाझ्माच्या कडेवर.

1982 साली जर्मनीत गार्शिंगच्या ‘अ‍ॅसडेक्स’ यंत्रावर फ्रिट्झ वॅग्नर यांना अनपेक्षित काही दिसले. तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेताच प्लाझ्माने कडेला जणू बांध घातला आणि उष्णता आत कोंडून राहू लागली. या अवस्थेला ‘एच-मोड’ म्हणतात. इटरची सारी गणिते तिच्यावर उभी आहेत. पण बांधाशी दाब आणि विद्युतप्रवाह वाढत जातात, आणि सहनशक्ती संपली की कड फाटते. एक मिलिसेकंदही लागत नाही; उष्ण कणांचा लोट बाहेर पडतो. बांध पुन्हा भरतो, पुन्हा फुटतो. हेच ‘एल्म’.

हा लोट चुंबकीय रेषांवरून घसरत तळाच्या डायव्हर्टरवर, म्हणजे बाहेर पडणारी उष्णता आणि कण झेलणाऱ्या भागावर, एका अरुंद पट्ट्यात आदळतो. तिथे टंगस्टन असते, 3422 अंशांना वितळणारे. दर चौरस मीटरला 10 मेगावॅट इतका सततचा मारा ते झेलू शकते. पण इटरमध्ये एल्म मोकाट सुटला, तर एका झटक्यात 20 मेगाज्यूलपर्यंत ऊर्जा येईल असा अंदाज आहे. सोसवेल ती एका मेगाज्यूलहूनही कमी. इंग्लंडमधल्या ‘जेट’ टोकामॅकवर 2013 मध्ये टंगस्टनच्या एका पट्टीची कड मुद्दाम उघडी ठेवली, तेव्हा एल्मच्या माऱ्याने ती खरोखरच वितळली.

दूध उतू जाऊ नये म्हणून आपण पातेल्यावर आडवी पळी ठेवतो. सॅन दिएगोच्या ‘डीथ्री-डी’ टोकामॅकवर टॉड एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी केलेला उपाय मला त्याच जातीचा वाटतो. जादा वेटोळ्यांनी त्यांनी कडेचे चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटले, मुख्य क्षेत्राच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. कड थोडी झिरपू लागली, दाब फुटण्याइतका साठेना आणि मोठे एल्म थांबले. 2004 साली हे प्रसिद्ध झाले. किंमत आहेच: प्लाझ्माची घनता थोडी घटते. गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या झाडून मोठ्या एल्मऐवजी छोटे, वारंवार एल्म घडवण्याचा मार्गही आहे.

माझ्या मते तापमानाच्या विक्रमांपेक्षा वेटोळ्यांचा हा शोध अधिक मोलाचा आहे. इटरच्या पात्रात याच कामासाठी 27 वेटोळी बसणार आहेत, नऊ-नऊंच्या तीन ओळींत.