जाळे नेमके कधी मरते?

अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ग्रेट डक बेटावर स्टॉर्म पेट्रेल हे समुद्रपक्षी बिळांत घरटी करतात. माणसांच्या वर्दळीने ते बिथरतात. म्हणून २००२ साली संशोधकांनी तेथे तापमान, आर्द्रता वगैरे मोजणारे ३२ बिनतारी संवेदक बसवले. प्रत्येकाची शिदोरी म्हणजे बॅटरी.

असे जाळे किती दिवस टिकेल? एका बॅटरीचे सरासरी आयुष्य काढले की उत्तर मिळाले, असे वाटते. पण आपण १० संवेदक एका ओळीत ठेवू. प्रत्येक जण आपले मोजमाप शेजाऱ्याकरवी केंद्राकडे धाडतो. टोकाचा संवेदक दर फेरीला एकच संदेश पाठवतो, त्याच्या पुढचा दोन, केंद्रालगतचा मात्र १०! वर्गात दहा मुलांना ओळीत बसवून चिठ्ठ्या पुढे सरकवायला लावल्या, तर हे लगेच दिसते. (नुसते ऐकत राहण्यातही ऊर्जा जाते; ती आपण तूर्त सोडून देऊ.) केंद्रालगतची बॅटरी दहापट वेगाने आटते. ती संपताच उरलेले नऊ जिवंत असूनही मुके होतात. म्हणून गणिती प्रतिकृतीत जिवंत संवेदकांपेक्षा केंद्राशी जोडलेले संवेदक मोजणे आम्हांला अधिक योग्य वाटते.

केंद्राजवळ जादा संवेदक ठेवणे, हा सरळ उपाय. वेंडी हाइन्झेलमन व सहकाऱ्यांनी २००० साली दुसरा सुचवला: संवेदकांचे गट करायचे, गटप्रमुखाने सर्वांची माहिती एकत्र करून थेट केंद्राकडे पाठवायची आणि हे प्रमुखपद आळीपाळीने फिरवायचे. मात्र मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की प्रेषणाला चौपट ऊर्जा लागते. त्यामुळे प्रदेश फार मोठा असेल, तर दूरच्या प्रमुखाला प्रत्येक पाळी महागात पडते.