निनावीपणा, ब्राऊझरमधील त्रुटी आणि पोलीस तपास : एक विवेचन

प्रस्तावना

इंटरनेटवरील प्रत्येक व्यवहारामागे एक पत्ता असतो. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरला आपला आय. पी. पत्ता कळतो आणि तो पत्ता त्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, हे सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या नोंदींवरून शोधता येते. सायबर गुन्ह्यांचा तपास बहुतांशी या साखळीवर उभा आहे. ही साखळी कोणी हेतुपुरस्सर तोडली तर पोलिसांनी काय करावे, हा प्रश्न अमेरिकेत गेल्या दोन दशकांत अनेक न्यायालयांपुढे आला. तेथील तपासयंत्रणेने त्यावर शोधलेला मार्ग असा की, संशयिताच्या ब्राऊझरमधील त्रुटीचा लाभ घेऊन त्याच्याच संगणकाकडून त्याचा खरा पत्ता वदवून घ्यावा. प्रस्तुत लेखात या तंत्राचे स्वरूप आणि त्यातून उद्भवलेला वाद यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. संगणकशास्त्राशी संबंध नसलेल्या सहकारी प्राध्यापकांनाही विषय समजावा, या दृष्टीने मांडणी ठेवली आहे.

टॉर आणि त्याची कच्ची बाजू

निनावी राहू इच्छिणारे लोक प्रामुख्याने ‘टॉर’ या जाळ्याचा उपयोग करतात. याची मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाली, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता काहीशी गमतीची वाटते. पत्र एका पाकिटात, ते दुसऱ्यात आणि ते तिसऱ्यात घालावे, आणि वाटेतील प्रत्येक टपालवाल्याने फक्त आपल्या वाट्याचे पाकीट उघडून पुढच्याचे नाव वाचावे, असे काहीसे टॉरचे कार्य चालते. पहिल्या टप्प्याला पाठविणारा ठाऊक असतो, शेवटच्या टप्प्याला मुक्काम ठाऊक असतो. दोन्ही गोष्टी एकत्रितपणे कोणालाच ठाऊक नसतात. हुकूमशाही राजवटीतील पत्रकार, मानवी हक्क कार्यकर्ते, आपली ओळख जपू पाहणारे सामान्य नागरिक आणि गुन्हेगार असे सर्वच या मार्गाने जातात.

हे जाळे भेदणे अत्यंत कठीण आहे. तथापि गडाचा तट अभेद्य असला तरी दिंडी दरवाजाची कडी सैल असू शकते. येथे दिंडी दरवाजा म्हणजे ब्राऊझर. टॉरचा ब्राऊझर हा मोझिला संस्थेच्या फायरफॉक्सवर आधारलेला आहे. संकेतस्थळावरील पानाने ब्राऊझरच्या चौकटीतच राहावे, संगणकाच्या इतर भागांना हात लावू नये, असा नियम असतो. परंतु ब्राऊझरच्या स्मृतिव्यवस्थापनात एखादी चूक राहिली असेल, तर कौशल्याने रचलेले पान ती चौकट ओलांडते आणि त्यातील सूचना संगणकाच्या स्वतःच्या आज्ञावलीप्रमाणे अमलात येतात. मग त्या सूचना टॉरला वगळून थेट पोलिसांच्या सर्व्हरशी संपर्क साधतात. तेवढ्या एका संपर्काने खरा आय. पी. पत्ता उघड होतो.

तंत्राचा प्रवास

प्रारंभीचे प्रयत्न साधे होते. २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका शाळेला बॉम्बच्या धमक्या येत होत्या, तेव्हा एफ. बी. आय.ने असोसिएटेड प्रेसच्या नावाने बनावट बातमी रचून तिचा दुवा संशयिताला पाठविला. त्याने तो उघडताच त्याचा पत्ता मिळाला. वृत्तसंस्थेच्या नावाचा असा वापर झाल्याचे २०१४ मध्ये उघड झाले आणि मोठी टीका झाली. तरीही तेथे लक्ष्य एकच व्यक्ती होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

ऑगस्ट २०१३ मध्ये व्याप्ती बदलली. ‘फ्रीडम होस्टिंग’ या, टॉरवरील अनेक संकेतस्थळांना जागा देणाऱ्या सेवेचा ताबा एफ. बी. आय.ने घेतला आणि तेथील पानांत फायरफॉक्समधील त्रुटी वापरणारी आज्ञावली बसविली. टॉरमेल या ई-मेल सेवेचा उपयोग करणाऱ्यांनाही ती आढळली. वस्तुतः ही सेवा वापरणे हा काही गुन्हा नव्हता. सदर त्रुटी मोझिलाने जून महिन्यातच दुरुस्त केली होती. म्हणजे सापडले ते ब्राऊझर अद्ययावत न केलेले. (आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत कित्येक वर्षांपूर्वीची आवृत्ती अजून चालू आहे. त्यामुळे त्या लोकांच्या आळसाला हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.)

यातील सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण २०१५ चे. ‘प्लेपेन’ हे बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे पसरविणारे संकेतस्थळ होते आणि त्याचे दीड लाखांहून अधिक सदस्य होते. एफ. बी. आय.ने त्याचा सर्व्हर ताब्यात घेतला. परंतु तो बंद न करता २० फेब्रुवारी ते ४ मार्च या काळात व्हर्जिनियातील आपल्याच जागेतून चालविला. व्हर्जिनियातील एका दंडाधिकाऱ्याच्या एकाच वॉरंटच्या आधारे, सदस्यनाम देऊन आत येणाऱ्यांच्या संगणकात ‘नेटवर्क इन्व्हेस्टिगेटिव्ह टेक्निक’ या सौम्य नावाची आज्ञावली उतरविण्यात आली. आय. पी. पत्ता, संगणकाचे नाव, वापरकर्त्याचे नाव, कार्यप्रणाली अशी माहिती तिने परत पाठविली. १२० देशांतील आठ हजारांहून अधिक संगणक अशा रीतीने उघडले गेले. मे २०१७ मध्ये एफ. बी. आय.ने दिलेल्या माहितीनुसार अमेरिकेत किमान ३५० जणांना अटक झाली आणि ५५ बालकांचा शोध लागला वा सुटका झाली.

या ५५ बालकांना बाजूला ठेवून या विषयाची चर्चा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साखळी तोडून बसलेल्या अपराध्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग अनेकदा नसतो, हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. किंबहुना पोलिसांनी संगणकात कधीच शिरू नये, हा आग्रह टिकणारा नाही. मात्र शोषणाची चित्रे पसरविणारे केंद्र शासनाने स्वतः दोन आठवडे चालू ठेवावे काय, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

वॉरंटचा प्रश्न

न्यायालयांत प्रथम वाद झाला तो अधिकारक्षेत्राचा. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया नियम ४१ नुसार दंडाधिकाऱ्याला सामान्यतः आपल्या जिल्ह्यापुरतेच झडतीचे वॉरंट देता येत असे. येथे तर संगणक जगभर पसरलेले होते. मॅसॅच्युसेट्ससह काही ठिकाणच्या न्यायाधीशांनी २०१६ मध्ये वॉरंट अवैध ठरवून पुरावा वगळला. पुढे अपील न्यायालयांनी पोलिसांचा सद्भाव मान्य करून पुरावा ग्राह्य धरला आणि १ डिसेंबर २०१६ पासून नियमच बदलण्यात आला. या वादात जून २०१६ मध्ये व्हर्जिनियातील एका न्यायाधीशांनी मांडलेले मत मात्र चिंताजनक आहे. इंटरनेटला जोडलेल्या संगणकांत आजकाल कोणीही शिरते, म्हणून आपला संगणक सुरक्षित राहील अशी अपेक्षाच वाजवी नाही, असा त्याचा आशय होता. गावात चोऱ्या वाढल्या म्हणून पोलिसांनी विनापरवाना घरात शिरावे, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

गुपिताची किंमत

अधिकारक्षेत्राचा वाद नियम बदलून मिटला. दुसरा वाद मिटण्यासारखा नव्हता. टॅकोमा येथील संघीय न्यायालयात एका आरोपीच्या वकिलांनी संपूर्ण आज्ञावली पाहण्याची मागणी केली. माझ्या अशिलाच्या संगणकात तुम्ही शिरलात. वॉरंटमध्ये लिहिले तेवढेच केलेत की अधिक काही, आणि तुमच्या शिरण्याने दार इतरांना मोकळे राहिले काय, हे तपासल्याशिवाय पुराव्यावर विश्वास कसा ठेवावा, असा त्यांचा प्रश्न होता. सरकारी पक्षाने माहिती गोळा करणारा भाग देऊ केला, परंतु त्रुटीचा उपयोग करणारा भाग दडवून ठेवला. कुलूप कसे उघडले हे कळल्याने आत काय घडले ते कळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा युक्तिवाद वरकरणी पटतो. परंतु कुलूप किल्लीने उघडले की फोडले, यावर नंतर आत कोण येऊ शकले असते हे अवलंबून असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी आज्ञावली दाखविण्याचा आदेश दिला. सरकारने नकार दिला. मे महिन्यात त्या तंत्राने मिळालेला पुरावा वगळण्यात आला. मार्च २०१७ मध्ये तर गुपित उघड करण्याऐवजी सरकारी पक्षाने खटलाच मागे घेतला. ज्या तंत्राचे समर्थन बालकांच्या नावाने झाले, त्याचे गुपित सांभाळण्यासाठी बालकांवरील अत्याचाराचाच एक खटला सोडून देण्यात आला.

याच खटल्यात मोझिलानेही अर्ज केला होता. त्रुटी आमच्या ब्राऊझरमध्ये असेल तर बचाव पक्षाला दाखविण्यापूर्वी किमान १४ दिवस ती आम्हांला सांगावी, म्हणजे दुरुस्त करता येईल, एवढीच त्यांची विनंती होती. ती फेटाळली गेली. येथे या संपूर्ण विषयाचे मर्म आहे. पोलिसांनी एखाद्या घराचे कुलूप उघडले तर शेजाऱ्याचे कुलूप शाबूत राहते. ब्राऊझरमधील त्रुटी मात्र एकाच वेळी कोट्यवधी घरांच्या कुलपांत असते. ती गुप्त ठेवण्याचा निर्णय म्हणजे त्या सर्वांना, त्यांच्या नकळत, उघडे ठेवण्याचा निर्णय होय. आणि ती एकट्या पोलिसांच्याच हाती राहील, याची हमी कोणालाच देता येत नाही. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस फायरफॉक्समधील एका नव्या त्रुटीचा उपयोग करून टॉर वापरणाऱ्यांचे पत्ते मिळविणारी आज्ञावली जाहीरपणे फिरू लागली. तिची कार्यपद्धती २०१३ च्या आज्ञावलीशी विलक्षण जुळणारी होती. मोझिलाने घाईने दुरुस्ती दिली. आणि ही जर शासकीय यंत्रणेची निर्मिती असेल, तर मर्यादित म्हणविले जाणारे शासकीय अतिक्रमण सर्वांनाच कसे घातक ठरते याचा हा दाखला होय, असे मत व्यक्त केले.

भारतीय कायद्याच्या संदर्भात

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार दुसऱ्याच्या संगणकात अनधिकृत प्रवेश हा अपराध आहे. कलम ६९ शासनाला माहिती अडविण्याचा, तिच्यावर लक्ष ठेवण्याचा व ती उकलण्याचा अधिकार देते. त्यासाठीची मंजुरी न्यायालयाकडून नव्हे, तर गृहसचिवांकडून घेतली जाते. त्रुटीचा वापर करून संगणकात शिरण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. पुराव्याबाबत आपली परंपरा अमेरिकेहून भिन्न आहे. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या, मुंबईतील ध्वनिमुद्रित संभाषणाशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये असे मानले की, पुरावा बेकायदा मार्गाने मिळाला तरी तो सुसंगत असेल तर ग्राह्य ठरतो. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि त्या आधारे ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा दूरध्वनी-टेहळणीचे आदेश रद्द करून ती ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. हे दोन्ही प्रवाह आज शेजारी शेजारी वाहत आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. न्यायालयापुढे आलेली प्रत बदललेली नाही, हे त्यावरून कळते. ती माहिती मुळात कोणत्या दाराने बाहेर आली, हे सांगणारा रकाना त्या प्रमाणपत्रात नाही.