किटानोच्या बनातली चहाची दावत

घरी मेहमान आला की पाण्याच्या ग्लासामागून चहा येतोच. साखर संपली असेल तर शेजारच्या भाभींकडून वाटीभर आणतो, पण कुणाला तसेच जाऊ देत नाही. म्हणूनच जपानमधल्या एका जुन्या चहाच्या दावतीची हकीकत वाचली, तेव्हा आम्हाला तिचे भारी कौतुक वाटले. थोडी भीतीही वाटली.

साल 1587. जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशीच्या हाती होती. हा माणूस साध्या घरात जन्मून शिपाईगिरीतून वर चढलेला. त्याने क्योटो शहरात फलक लावले : किटानोच्या देवळाजवळच्या पाइनच्या बनात दहा दिवस चहाचा मेळा भरेल. सरदार, व्यापारी, शेतकरी, कुणीही यावे. सोबत एक किटली, एक बादली आणि प्यायला एक वाडगा आणला की झाले. चहा परवडत नसेल तर भाजलेल्या धान्याचे पीठ चालेल. चटई नसेल तर गवताची पेंढी अंथरा. परदेशातून आलेल्यांनाही मज्जाव नाही.

हे पीठ म्हणजे आपल्या सातूच्या जवळचेच. तिथला चहा दूध-साखरेचा नव्हे; हिरव्या पानांची बारीक पूड गरम पाण्यात बांबूच्या घुसळणीने फेसायची. ती पूड महाग. गरिबाची झाकली मूठ तशीच राहावी, एवढा विचार त्या फलकात होता. हे आम्हाला फार आवडले.

पण त्याच फलकावर पुढे आणखी एक अट होती. जो येणार नाही, त्याने यापुढे चहाच काय, ते पीठही कालवायचे नाही! त्याच्याकडे जाणाऱ्यालाही तीच बंदी. असल्या आमंत्रणाला नाही कोण म्हणणार?

ठरल्या दिवशी बनात शेकडो ठिकाणी चुली पेटल्या. हिदेयोशीने आपली सोन्याने मढवलेली चहाची खोली आणवून मांडली होती. त्याने स्वतः, आणि सेन नो रिक्यू यांच्यासह तीन नामांकित चहागुरूंनी मिळून सुमारे 800 लोकांना चहा दिला. कुणी कुणाकडे बसायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरले. मग हिदेयोशी बनात फेरफटका मारायला निघाला. हेचिकान नावाच्या एका फकिरी वृत्तीच्या माणसाने भलीमोठी लाल छत्री रोवून तिच्याखाली चूल मांडली होती. ती पाहून स्वारी इतकी खूश झाली की त्याचा कर माफ केला, असे सांगतात. सोन्याच्या खोलीपेक्षा आमचे मन तरी त्या छत्रीखालीच रमले.

दुसऱ्या दिवशी मेळा बंद! दक्षिणेकडच्या हिगो प्रांतातल्या बंडाची खबर आली म्हणून, असे कारण बहुतेक देतात. दहा दिवसांच्या भरवशावर किटली-बादली घेऊन वाटेला लागलेल्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही. यजमानाच्या शेजारी बसून चहा फेसणाऱ्या रिक्यूंना तर चार वर्षांनी, 1591 मध्ये, त्याच यजमानाच्या हुकमावरून आपल्या हाताने जीव द्यावा लागला.

किटानोच्या देवळात त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी 1 डिसेंबरला चहा अर्पण करतात. त्या दिवशी आलेल्यांनाही तिथे चहा मिळतो.