धोक्यातली प्रजाती ठरवतात कशी?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळा अभयारण्य येते. १९६८ पासून संरक्षित असलेल्या या रानात सुटीच्या दिवशी पक्षी बघणाऱ्यांची गर्दी असते. ‘इतके पक्षी दिसतात, मग धोका कुणाला?’ असा प्रश्न सहज पडतो. पण आज किती दिसतात, एवढ्यावरून धोका ठरत नाही.

‘आययूसीएन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९६४ पासून धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी ठेवते. त्यासाठी शास्त्रज्ञ प्रामुख्याने पाच गोष्टी तपासतात. संख्या किती वेगाने घटते आहे? अधिवास किती लहान किंवा तुकड्या-तुकड्यांत उरला आहे? संख्या आधीच कमी असून आणखी घटते आहे का? प्रौढ जीव अगदीच मोजके उरलेत का? आणि गणिती अंदाजानुसार प्रजाती नष्ट होण्याची शक्यता किती? यांपैकी एकाही कसोटीची मर्यादा ओलांडली, तरी प्रजाती धोक्याच्या वर्गात जाते. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यांतला जो काळ मोठा असेल तो) संख्या ८० टक्के वा अधिक घटली आणि घट थांबलेली नसेल, तर ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरते.

पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड हे याचे ठळक उदाहरण. १९८० च्या दशकात ते इतके होते, की त्याची काळजी करावी असे कुणाला वाटले नाही. पुढे बीएनएचएसच्या अभ्यासकांनी ठरलेल्या रस्त्यांवरून गाडीने जात, तीच मोजणी वर्षांच्या अंतराने पुन्हा केली. १९९२ ते २००७ या काळातली घट निघाली ९९.९ टक्के! मुख्य कारण होते गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषधाचा अंश असलेले मेलेले जनावर खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मेलोक्झिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या परिसरात गिधाडांची घरटी राखण्याचे काम झाले आहे. त्याला साथ द्यायची तर गोठ्यातल्या दुखण्यावर पशुवैद्यकाला विचारूनच औषध द्या. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक जनावराला टोचू नका. आणि पक्षी बघायला जाल तेव्हा तारीख, जागा व संख्या वहीत टिपा. नेहमीच्या पक्ष्यांच्याही! गिधाडांची जुनी मोजणी हाती होती, म्हणूनच त्यांची घट सिद्ध करता आली.